डोहात जाळं टाकलं तेव्हा

कंपनीत लागलो तेव्हा माझं काम पाण्याचं होतं. चिंचवडच्या पुढं नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं आणि आकडे रजिस्टरात लिहायचे, एवढंच. पाणी इंद्रायणीवरून यायचं. तळवड्याच्या पलीकडं नदीकाठी कंपनीचं पंपघर होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी बांधून मी तिथं नमुने आणायला जायचो. पेटीत भुसा, भुशात काचेच्या बुचाच्या आठ बाटल्या. रस्ता बहुतेक कच्चा होता, त्यामुळं अर्धं लक्ष मागच्या खडखडाटाकडं असायचं.

पंपावर जो माणूस होता तो जवळच्याच गावचा भोई. वडिलांच्या काळापर्यंत त्याच्या घराकडं नाव होती आणि नदीतली मासेमारी होती. पूल झाला, नाव बंद पडली, मग कंपनीचा पंप आला तेव्हा तो पंपावर लागला. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. मी त्याला मामा म्हणायला लागलो, म्हणून इथंही मामाच म्हणतो. गावाचं नाव मात्र लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी मी पंपाच्या वरच्या अंगाला कातळ उतरून बाटली भरायला निघालो. तिथं नदी रुंद होऊन मोठा काळाशार डोह झाला होता. काठावर करंजाची दाट झाडी. मागून मामांनी हाक मारली.

"सायेब, तिकडं नगा जाऊ. खालनं भरा."

"का?"

"त्यो आसरांचा डोह हाय. राखलेला हाय."

राखलेलं पाणी म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मराठवाड्यातला. आमच्या गावी एक बारव होती, तिच्या पायऱ्या आम्हाला उतरता येत नव्हत्या. माझी आई वरती उभी राहायची आणि कोणी तरी दया येऊन घागरीत पाणी ओतेल याची वाट बघायची. वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला, नंतर आम्ही गाव सोडलं, मी दहावीपर्यंत शिकलो आणि नोकरीला लागलो. आता इथंही पुन्हा राखलेलं पाणी आलंच, असं वाटलं. मी जरा जोरातच विचारलं, "कोणापासून राखलेला?"

मामा शांतपणे म्हणाले, "समद्यांपासनं. माझ्यापासनं बी. आमी भोई, पन हितं जाळं टाकत न्हाई. हितलं मासं आसरांचं."

त्यांनी कंबरेच्या फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि पाण्यावर टाकला. काही क्षण काहीच झालं नाही. मग खालून एक सावली वर आली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता पाणी माशांनी भरून गेलं. हातभर, काही त्याहून लांब. पाठ हिरवट, बाजू सोनेरी, आणि खवले एवढे मोठे की काठावरून मोजावेत. मी असे मासे आयुष्यात पाहिले नव्हते.

"खडस," मामा म्हणाले.

नंतर एकदा पुण्याहून कॉलेजातले एक प्राध्यापक तिथं आले होते. त्यांच्याकडून कळलं की हाच महसीर. सगळ्या नद्यांत पूर्वी असायचा, पण सुरुंगाची दारू टाकून आणि विष कालवून लोकांनी तो संपवत आणला. आता देवाधर्माच्या नावानं राखलेल्या अशा डोहांतच तो उरला आहे. प्राध्यापक दिवसभर काठावर बसून होते. जाताना मामांचे हात हातात घेऊन काही तरी म्हणाले, ते मामांना समजलं नाही, पण आवडलं.

डोहाच्या काठी उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. त्यांची पूजा मामांची थोरली बहीण करायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि इथंच राहिली. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. रोज सकाळी ती माशांना भाकरी घालायची आणि त्यांच्याशी बोलायची. पहिल्या भेटीत तिनं माझं गाव विचारलं, मग आडनाव, मग गावातली आळी. पुढचा प्रश्न मला ठाऊक होता, म्हणून मीच सरळ सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली. पुढची काही वर्षं तिनं मला पाण्याचा तांब्या कधी दिला नाही. पंपघरातला तांब्या मामा द्यायचे. तसं घडलं म्हणून लिहितो. त्या वेळी मी राग धरला होता, पण मासे बघायला थांबायचं सोडलं नाही.

बाटल्या भरून झाल्या तरी मी अर्धा तास तिथं बसायला लागलो. डोहात मऊ पाठीची मोठी कासवं होती, ती दुपारी कातळावर मान ताणून ऊन खायची. हिवाळ्यात दोनदा मी उदांची, म्हणजे पाणमांजरांची, जोडी पाहिली. मांजराएवढे, ओले, चकचकीत, कातळावर एकमेकांना ढकलत होते. मामांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांना परवानगी हाय. ते आसरांचेच." ते हसले नाहीत, त्यामुळं मीही हसलो नाही.

बाहत्तरचा पाऊस पडलाच नाही म्हणायचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात इंद्रायणी वाहायची थांबली. नदी म्हणजे ठिकठिकाणी साचलेली डबकी आणि मधे पांढरे दगड. कंपनीच्या पंपाखालचं पाणी चैत्रातच आटलं. मग कंपनीनं सरपंचांना विचारून पंपाचा पाइप वर नेला आणि थेट डोहात सोडला. गावातली पंधरा-वीस माणसं कंपनीत होती, कारखाना बंद पडला तर त्यांचीही घरं बसणार, म्हणून गावानं हो म्हटलं. आक्कानं त्या दिवशी पाइपाच्या तोंडावर हळदीकुंकू वाहिलं आणि मासा आत ओढला जाऊ नये म्हणून वेताची टोपली स्वतः बांधली.

आता नमुने मी डोहातूनच घ्यायला लागलो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे मला तपासावं लागायचं, कारण प्राणवायू जास्त असेल तर बॉयलर गंजतो. तपासणी सोपी असते. पेटीतल्या दोन औषधांचे थेंब बाटलीत सोडायचे. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. जितका कमी, तितका साका फिका. अजिबात नसेल तर दुधासारखा पांढरा.

पहिल्या आठवड्यात साका बदामी आला. पुढच्या आठवड्यात पिवळट. डोहाचं पाणी रोज विताविताने उतरत होतं. गावाची सगळी गुरं त्यात बसायची, कारण दुसरीकडं पाणीच नव्हतं. वरून करंजाचा पाला पडून कुजत होता. मी आकडा रजिस्टरात लिहिला आणि बॉयलरच्या साहेबांपुढं ठेवला. साहेब पुण्याचे, कामाला चोख, बोलायला नीट. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "अरे वा, हे तर आपल्याला चांगलंच आहे. बॉयलर कमी गंजेल."

मीही मान हलवली. आकडा खरा होता, तो जागच्या जागी लिहिला होता. माझं काम संपलं होतं. त्या पाण्यात मासे श्वास घेतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता आणि मी कोणाला काही बोललो नाही. असे दोन आठवडे गेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सकाळी पोचलो तेव्हा मामा पंपघरात नव्हते. डोहाच्या काठावर पंधरा-वीस माणसं उभी होती. मासे वर आले होते. पाण्यावर तोंडं काढून, उघडझाप करत, सगळे एका जागी दाटलेले. भाकरी टाकली तरी एकही हलत नव्हता. काठाला तीन मोठे खडस पोटं वर करून पडले होते. आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहून हातानं पाणी हलवत होती, जणू त्यानं काही होणार होतं.

मला बघून मामा म्हणाले, "भाऊ, तुमी पान्याचं शिकलेलं. काय झालं हो?"

मी सांगितलं. पाण्यातला वारा संपला आहे, मासे गुदमरतायत.

"कवापासनं?"

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, "मला दोन आठवडे माहीत होतं, मामा."

मामा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मंग सांगायचं हुतं की. आमी रोज हितंच हाये." आणि आक्काचा हात धरून तिला बाहेर काढायला गेले.

मी पेटी उघडली. कंपनीसाठी दोनच बाटल्या भरल्या आणि मामांना विचारलं, नदीत आणखी कुठं पाणी आहे? ते म्हणाले, वरच्या अंगाला दीड कोसावर खडकातला एक डोह आहे, त्यात झरा आहे, पाणी आटत नाही. मी सायकल काढली आणि तिथं गेलो. लहान डोह, पण एका कडेनं कातळातून पाण्याची धार पडत होती. नमुना घेऊन परत आलो, तेव्हा गाव चावडीपुढं जमलं होतं.

मी दोन बाटल्या ओट्यावर ठेवल्या. एक आसरांच्या डोहातली, एक वरच्या डोहातली. दोन्हींत औषधं टाकली. लोक वाकून बघत होते. एकीत तपकिरी साका बसला. दुसरीत पांढरा, अगदी निरशा दुधासारखा.

"ही तपकिरी म्हणजे जगण्याजोगं पाणी," मी म्हटलं. "ही पांढरी आपल्या डोहाची. मासे तिकडं न्यावे लागतील. दोन दिवसांत नाही नेले तर एकही राहणार नाही."

सरपंचांनी पांढऱ्या साक्याची बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "नेयाचं म्हंजे धरायचं. धरायचं म्हंजे जाळं. त्या डोहात कुनीच कधी जाळं टाकल्यालं न्हाई. उद्या गावात काय वाईट झालं तर कुनाकडं बघायचं?"

एक-दोघांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं पाऊस येईपर्यंत वाट बघू, कोणी म्हणालं आसराच बघून घेतील. जाळं मामांचंच टाकायचं होतं. गावात दुसरं एवढं मोठं जाळं नव्हतं आणि ते ओढणारा दुसरा माणूसही नव्हता. शेवटी मीच विचारलं, "मामा, तुमचं काय?"

"बापानं मरताना शब्द घेतलाय माझ्याकडनं," ते म्हणाले. "हातात आसरांचा दगड देऊन. म्या न्हाई टाकायचा."

बायका मागं भिंतीला उभ्या होत्या. आक्का तिथून पुढं आली. लुगडं अजून गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"म्या बी हुते की तवा," ती भावाला म्हणाली. "बा काय म्हनाला ते म्या बी ऐकलंय. मासं खाऊ नगंस, इकू नगंस, कुनाला धरू दिऊ नगंस. मासं मरू दे असं म्हनाला न्हाई. जाळं काढ."

मामांनी मान वर केली. "आन् काय झालं तर?"

"काय झालं तर माझ्यावर. मला कोन हाय मागं?"

सरपंचांनी मग फार ताणलं नाही. त्यांचा ट्रॅक्टर होता, त्याची ट्रॉली देतो म्हणाले.

माझं एक काम राहिलं होतं. पंप चालू असेपर्यंत डोहात जाळं ओढता येणार नव्हतं आणि पाणीही उतरतच राहणार होतं. मी कारखान्यात परत गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. रविवारचा पूर्ण दिवस पंप बंद ठेवा आणि ट्रॉलीत अंथरायला दोन ताडपत्र्या द्या, असं म्हटलं.

"माशांसाठी?" साहेबांनी विचारलं. हेटाळणी नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हो. पाणी आपण काढलंय, साहेब. तो आकडा मी तुम्हाला दाखवला होता, पण त्याचा अर्थ मी सांगितला नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अर्थ मलाही कळायला हवा होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "रविवारी बॉयलरची साफसफाई काढू. तशीही राहिलेलीच आहे. ताडपत्र्या स्टोअरमधून घ्या, मी चिठ्ठी देतो."

रविवारी उजाडताना आम्ही डोहावर होतो. तोवर आणखी दहा-बारा मासे मेले होते. मामांनी आंघोळ केली, ओल्या अंगानं सात दगडांपुढं उभे राहिले, काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मग जाळ्याचं एक टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं, दुसरं पलीकडं दोघा पुतण्यांकडं दिलं आणि पाण्यात उतरले. जाळं पाण्याला लागलं तेव्हा काठावरच्या माणसांनी हात जोडले.

जाळं जवळ आलं. एवढ्या वर्षांत ज्यांना कोणी धरलं नव्हतं त्यांना पळायचं कसं हेच माहीत नव्हतं. काही तर मामांच्या पायाशी येऊन थांबले, भाकरी मिळते त्या सवयीनं. मामा रडत होते आणि जाळं ओढत होते. आम्ही ओल्या घोंगड्यांत एकेक मासा गुंडाळून ट्रॉलीत नेत होतो. मीही डोहात उतरलो होतो, छातीएवढ्या पाण्यात. तिकडं नका जाऊ, असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

पहिल्या खेपेला माझी चूक झाली. घाई होती म्हणून ट्रॉलीत सोळा मासे घेतले. रस्त्यात खड्डे, वरून ऊन, खाली तापलेला पत्रा. वरच्या डोहाशी पोचेपर्यंत अकरा मेले. अकरा. पाण्याचे आकडे मला पाठ होते आणि ट्रॉलीतलं पाणी तापून त्यातलाही प्राणवायू संपेल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथंच कातळावर बसलो. वाटलं, गप्प राहून दोन आठवड्यांत जेवढे मारले, जवळजवळ तेवढेच एका तासात मारले.

आक्का ट्रॉलीतून खाली उतरली. मेलेल्या माशांवर ओलं पोतं टाकलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बसलास काय? पाच जगलं का न्हाई? काय चुकलं त्ये सांग, म्हंजे पुढल्या खेपंला करता येईल."

मी सांगितलं. मासे कमी घ्यायचे. वर ओली पोती. आणि वाटभर पाणी घमेल्यानं उचलून उंचावरून ओतायचं, म्हणजे त्यात वारा मिसळतो.

पुढच्या प्रत्येक खेपेला सहाच मासे घेतले. ट्रॉलीत एका टोकाला मी बसलो, दुसऱ्या टोकाला आक्का, कंबरेएवढ्या पाण्यात, दोघांच्या हातात घमेली. दीड कोस जाताना ओतत राहायचं, येताना हात सोडून बसायचं. मासे पायांना घासून जायचे. त्यांची अंगं थंड आणि फार जड होती, एखादा शेपटी मारायचा तेव्हा मांडीवर वळ उठायचा. दुपारी चौथ्या खेपेनंतर आक्का पदरानं तोंड पुसून तांब्यातून पाणी प्याली आणि तोच तांब्या माझ्यापुढं धरला. मी प्यालो. तहान एवढी लागली होती की मला ते घरी गेल्यावर आठवलं.

संध्याकाळपर्यंत चाळीसेक खडस वरच्या डोहात पोचले. धारेखाली ते एका रांगेत उभे राहिले, तोंडं धारेकडं करून. कासवं आम्ही धरली नाहीत, ती आपली आपण चिखलात गेली होती. एक मासा मात्र आला नाही. तो सगळ्यांत मोठा होता, एक डोळा पांढरा झालेला. आक्का त्याला थोरली म्हणायची. दोनदा जाळ्यात आला आणि दोन्ही वेळा वरून उडी मारून गेला. मंगळवारी मी नमुन्याला गेलो तेव्हा तो काठाला लागला होता. मामांनी आणि मी त्याला करंजाखाली पुरलं. बाकीचे मेलेलेही तिथंच पुरले होते. गावात इतकी उपासमार होती, पण त्यातला एकही मासा कोणाच्या घरी गेला नाही.

आठवड्याभरानं आक्का पंपघरात माझी वाट बघत बसली होती.

"वरच्या डोहाला कोन राखनार?" तिनं विचारलं. "तिथं आसरा न्हाईत. खाणीवरची मानसं सुरुंगाची दारू घिऊन येत्यात. त्यांना काय म्हनायचं?"

तिचं म्हणणं खरं होतं. आम्ही मासे वाचवले आणि जिथं कोणीही मारू शकेल अशा पाण्यात नेऊन सोडले होते. तिनं यावर उपाय ठरवूनच ठेवला होता. नदीतून तिनं सात दगड वेचले होते. ते वरच्या डोहावर नेऊन बसवायचे होते. दगड जड होते, तिच्यानं नेववत नव्हते, मामा पंप सोडून जाऊ शकत नव्हते.

"तुज्या सायकलीवर पेटी हाय," ती म्हणाली.

धर्म घेताना वडिलांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्या आमच्या घरी भिंतीवर लावलेल्या होत्या. कोणत्या देवाला मानायचं नाही, पूजा करायची नाही. आणि मी आता कंपनीच्या पेटीतून देव वाहून नेणार होतो. आक्काला माझी अडचण कळली असावी. ती म्हणाली, "शेंदूर म्या लावीन. तू निसतं दगडं ने."

मी बाटल्या काढून पंपघरात ठेवल्या, पेटीत दगड भरले आणि दोन खेपा केल्या. ती मागून चालत आली. तिथं उंबर नव्हता, म्हणून एका कपारीत तिनं ते मांडले, शेंदूर लावला, दहीभात ठेवला. मी तोवर नदीच्या पलीकडं बघत उभा राहिलो.

घरी वडिलांना सांगितलं. ते तेव्हा आमच्याकडंच पिंपरीत राहायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, "ते पाणी लांब आहे का?"

"सायकलवर तासभर."

"मला दाखव."

त्यांना डबलसीट घेऊन गेलो. दगडांकडं त्यांनी पाहिलं नाही. सरळ पाण्याशी गेले, चप्पल काढली, पाय पाण्यात सोडून बसले. बराच वेळ मासे लांब राहिले, मग एकेक करून जवळ आले. वडिलांनी हात पाण्यात घातला. "इथं कोणी हटकत नाही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते आणखी तासभर बसले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. नदी दोन्ही डोहांवरून वाहिली आणि भाद्रपदात मामांना आसरांच्या डोहात बोटाएवढी खडसाची पिल्लं दिसली. पाइप परत खाली गेला. मी रजिस्टरात एक रकाना वाढवला. त्यात आकड्यापुढं, तो कोणाला सांगितला, हे लिहायचं. साहेबांनी विचारलं नाही की हा कशासाठी. दर शुक्रवारी ते त्या रकान्याखाली सही करत राहिले.

दगडांमुळं सगळं निभावलं असं मात्र नाही. बरेच लोक शेंदूर बघून मागं फिरले, हे मामांनी स्वतः पाहिलं. पण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला वरच्या डोहात एकदा सुरुंग लावलाच कोणी तरी. पंधरा-एक मासे गेले. तोवर एमआयडीसीचं पाणी नळानं कारखान्यात आलं होतं, पंपघर बंद झालं होतं आणि मामांना कंपनीनं गेटवर बसवलं होतं. तिथं त्यांचं मन लागत नव्हतं. नदीकाठी आता रोज जाणारं माणूस उरलं नव्हतं. आक्का थकली होती.

मग गावानं पाळ्या लावल्या. सुट्टीच्या दिवशी सुरुंगवाले येतात, म्हणून दर रविवारी एका घरानं वरच्या डोहावर दिवसभर बसायचं. यादी सरपंचांच्या मुलानं केली. आक्कानं माझं नाव त्यात घालायला सांगितलं. गावाबाहेरचं ते एकटंच नाव. माझी पाळी महिन्यातला दुसरा रविवार. मुली लहान असताना त्यांनाही घेऊन जायचो, डबा घेऊन जायचो, झाडाखाली पेपर वाचत बसायचो. बहुतेक वेळा काहीच घडायचं नाही.

ऐंशी सालच्या पुढं माझी बदली झाली आणि आम्ही पिंपरी सोडली. तोपर्यंत मी पाळी एकदाच चुकवली, धाकटीला गोवर निघाला होता तेव्हा. निरोप कसा पाठवावा हे मला कळत नव्हतं. वडील म्हणाले, मी जातो. बस पकडून, मग चालत, दुपारच्या आत पोचले. संध्याकाळी परत आले तेव्हा खूश होते. दोन माणसं पिशवी घेऊन आली होती, म्हणाले. "मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, हे पाणी राखलेलं आहे, चला पुढं. गेली निमूटपणे." मग त्यांनी माझ्या बायकोकडं चहा मागितला आणि मुलीचा ताप उतरला का, ते विचारलं.